पाण्यापलीकडून मी उडताना दिसतो

काळ्या ऑइलपेंटचा डबा, तळाशी थोडा रंग उरलेला.

चुन्याने पांढरं केलेलं एक गोल खळं. तीन बाजूंना समुद्र.

पिठाच्या गिरणीची जुनी मोटर.

काचेला कपाळ टेकवून बसलेला एक म्हातारा.

"अरे शिटांवर पाय नको देव, भाड्याच्या कापडाच्या हायेत!"

हळदीने पिवळं झालेलं गाडीचं स्टिअरिंग.

बांबू, नायलॉनची जाळी, थर्माकोलचे ठोकळे. एकत्र बांधले की त्यांचा तराफा होतो.

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं तुम्हाला वाटेल. पण हे सगळं एकाच आयुष्यातलं आहे, आणि ते आयुष्य माझं आहे. मी जुना आहे, यात शंका नाही. मी हेलिकॉप्टर आहे की नाही, याबद्दल मात्र दोन मतं आहेत. ज्याला इंजिन नाही, ज्याची पाती पत्र्याची आहेत आणि जो क्रेनच्या हुकाला लटकतो, त्या सांगाड्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. तोवर मी जुनंच नाव वापरतो.

आधी जन्म सांगायची रीत आहे. सांगतो.

एका थंड देशातल्या कारखान्यात मला जोडलं. तिथे एक माणूस नट आवळायचा आणि दुसरा तो तपासून त्यावर तांबड्या रंगाची बारीक रेघ ओढायचा. रेघ अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. पुढे कधी नट जरासा जरी सैल झाला, तरी रेघ तुटलेली दिसते. म्हणजे माझ्या अंगात काही खोटं झालं, तर ते लांबूनही कळावं, अशी सोय होती. माझ्या अंगावर अशा किती रेघा होत्या म्हणून सांगू. त्या मला दागिन्यांसारख्या वाटत.

मग मी ग्रीस नावाच्या देशात गेलो. तिथल्या एका धनिक कुटुंबाने मला विकत घेतलं. त्यांचा हिवाळा अथेन्स शहरात जायचा आणि उन्हाळा लिथारी नावाच्या बेटावर. लिथारी नकाशात शोधू नका. नखाखाली लपेल एवढं ते बेट आहे.

आम्ही सकाळी निघायचो. दुपारी तिथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो आणि मग समुद्राचं काही खरं नसतं. यानिस नावाचा माझा वैमानिक आधी माझ्याभोवती एक फेरी मारायचा, प्रत्येक तांबडी रेघ पाहायचा, मगच आत बसायचा. शहर मागे पडलं की जमीन एकदम तुटायची आणि खाली नुसतं निळं. कपड्यांची नीळ बादलीत पडते ना, ढवळण्याआधीची, तसं निळं. त्यात तपकिरी बेटं. डोहात बसलेल्या म्हशींच्या जेवढ्या पाठी वर दिसतात, तेवढीच ती बेटं पाण्याबाहेर. एखाद्या बेटावर एकच घर, एखाद्यावर घरही नाही, नुसतं एक पांढरं प्रार्थनेचं ठिकाण.

आत बसलेले पाहुणे पहिली पाच मिनिटं फोटो काढायचे. मग मान खाली घालून ते काढलेले फोटो पाहायचे. खिडकीबाहेर तेच सगळं अजून चालू असायचं. मालकीणबाईंच्या मांडीवर कुत्रा असे, आणि तो मात्र सगळा वेळ बाहेर पाहायचा.

आणखी एक जण बाहेर पाहायचा, तो म्हणजे मालकांचा म्हातारा बाप. तो त्याच बेटावर जन्मला होता. लहानपणी शिडाच्या होडीत शेळ्यांबरोबर बसून त्याने हाच प्रवास केला होता, तेव्हा म्हणे दोन दिवस लागायचे. तो काचेला कपाळ लावायचा आणि खालच्या एकेका खडकाचं नाव घ्यायचा. यानिस त्याच्यासाठी मला थोडं कलतं करायचा. बाकीच्यांच्या पेल्यांतलं पाणी हिंदकळायचं.

मी उतरायचो ती जागा म्हणजे गावाचं जुनं खळं होतं. होय, तुमच्याकडे भात झोडतात तसलंच. दगडी, गोल, उंचावर. गव्हाची मळणी केव्हाच थांबली होती. मालकांनी त्याला चुना लावला आणि माझा तळ केला. पण म्हाताऱ्याने मुलाला एक अट घातली होती. खळं गावाचं आहे, तिथे उतरणाऱ्यावरही गावाचा हक्क राहील. वाऱ्यामुळे मोठ्या होड्या बंद असल्या आणि गावातली नर्स कुणाला घेऊन खळ्याच्या कडेला उभी राहिली, की पाहुण्यांनी खाली उतरायचं.

एकदा असं झालं. एका मासेमाराच्या मुलाचं पोट दगडासारखं कडक झालं होतं. रेशमी कपड्यांतल्या चार बायका आपापल्या बॅगांवर उन्हात बसून राहिल्या आणि त्यांच्या जागेवर मी त्या मुलाला घेऊन गेलो. पोरगा वाचला. पुढच्या खेपेला त्याच्या आईने माझ्या दाराच्या कडीला तुळशीसारख्या वासाची एक डहाळी बांधली. मित्रांनो, मला मिळालेला मान एवढाच. तो मी अजून विसरलो नाही.

मग म्हातारा गेला. मुलाने घर विकलं. आमच्यात प्रत्येक भागाचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं. इतके तास उडाला की बदला. माझं इतकं काही बदलायची वेळ आली की नवं घेणं सोपं पडलं. इंजिन एकाने नेलं, पाती दुसऱ्याने. यानिस शेवटचा आला आणि माझ्याभोवती एक फेरी मारून निघून गेला. मी तिथून इथे कसा आलो हे मला धड माहीत नाही. कंटेनरमध्ये अंधार असतो. भिवंडीच्या एका भंगारच्या गोदामात डोळे उघडले, एवढं खरं.

*

सापगावच्या सावळाराम नावाच्या गृहस्थाने मला तिथे पाहिलं. शहापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला त्याचं लग्नाचं लॉन आहे. फुगवटा म्हणजे धरणामागे तुंबून मागे पसरलेलं पाणी. आमच्या लॉनच्या पायथ्याशी ते येऊन थांबतं.

इकडे अलीकडे लग्नापेक्षा हळद मोठी असते. हळदीला नवऱ्याची 'एंट्री' लागते. कुणी घोड्यावरून येतो, कुणी जेसीबीच्या तोंडात बसून. सावळारामला हेलिकॉप्टर हवं होतं. खरं परवडेना, म्हणून मी.

त्याचा पुतण्या सुयोग हुशार. त्याने मला तांबडा आणि सोनेरी रंग दिला. त्या रंगाखाली माझ्या सगळ्या रेघा गेल्या. पत्र्याची पाती बसवली, ती फिरवायला गिरणीची मोटर. आवाज स्पीकरमधून. पोटावर नाव घालायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "काका, 'स्वर्गरथ' टाकू?"

"मेल्या, ते नाव मढ्याच्या गाडीवर असतंय!" सावळाराम ओरडला. "नवरा बसायचाय त्यात."

मग 'गगनराज' टाकलं.

क्रेन पिवळी होती. पहिल्या हळदीला सगळ्यांना क्रेनच आधी दिसली, आणि पोरं हसली. दुसऱ्या दिवशी सुयोगने ऑइलपेंटचा डबा आणला आणि क्रेनचा हात टोकापर्यंत काळा केला. झालं. संध्याकाळ उतरली की काळा हात काळोखात विरघळतो. खाली धूर, वर दिवे, आणि मधोमध मी, हवेत. लोक टाळ्या वाजवतात.

मित्रांनो, खाली उभ्या असलेल्या लोकांना ठाऊक असतं की ही गंमत आहे. त्यांच्या डोक्यावर हुक लोंबत असतो. पण फुगवट्याच्या पलीकडे एक पाडा आहे. पंधरा-वीस घरं. धरण झालं तेव्हा त्यांची खालची शेतं बुडाली आणि ते वर सरकले. आता त्यांच्या तीन बाजूंना पाणी आहे. चौथ्या बाजूला डोंगर, आणि डोंगरापलीकडे फाटा, जिथवर गाडी येते. तुळशीचं लग्न लागून आमची लग्नं सुरू होतात, तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं असतं. त्या पाण्यापलीकडून पाड्यातली माणसं रोज संध्याकाळी काय पाहत होती?

दिवे लावलेलं एक हेलिकॉप्टर. ते जमिनीवरून उठतं, हवेत थांबतं, माणूस घेऊन खाली येतं.

मी स्वतः त्यांच्या जागी असतो तर मीही विश्वास ठेवला असता.

*

त्या दिवशी विपुल नावाच्या मुलाची हळद होती. सकाळी अंगाला हळद लागली होती, एंट्री संध्याकाळी. दुपारी ट्रायल चालू होती. विपुल डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन माझ्यात बसला होता. सुयोग सीटवरच्या कापडासाठी ओरडत होता आणि स्पीकरवाले आवाज तपासत होते. तो आवाज माझ्या पत्र्यातून जायचा.

त्याच दुपारी पलीकडे मीना नावाची बाई अडली होती. पहिलंच बाळंतपण. तिच्या नवऱ्याने, वाळूने, टेकाडावर जाऊन फोन लावला. रुग्णवाहिका फाट्यावर येते असं उत्तर मिळालं. फाट्यापर्यंत डोंगरवाटेने झोळी करून न्यायची, चांगल्या पायांना तासाभराची वाट. पण मागच्या साली त्याच वाटेवर, त्याच झोळीत, मीनाच्या सासूची जाऊ गेली होती. सासूचं नाव भागी. झोळीच्या बांबूचं मागचं टोक तेव्हा भागीच्याच खांद्यावर होतं.

ती म्हणाली, डोंगर नको. समोर पाण्यापलीकडे हेलिकॉप्टर आहे.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी दिसला तो तराफा. त्यावर चार माणसं आणि मध्ये गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. ते आमच्या काठाला लागले. गेटवरच्या माणसाने झोळी धड पाहिलीच नाही.

"जेवणाला टाइम हाय अजून. आनि भांडीवाल्या मागच्या गेटनं."

"भांड्यांना नाय आलो, दादा," वाळू म्हणाला. "बाई अडलीय. तुमचं ते हेलिकाप्टर..."

स्पीकर वाजत होता. गेटवाल्याने कानाला हात लावला, वैतागला आणि मागच्या गेटकडे बोट दाखवलं. ते निमूटपणे सगळं कुंपण वळसा घालून, भट्ट्या आणि खरकट्या भांड्यांच्या बाजूने आत आले. त्या वळशात किती वेळ गेला, तो मी मोजत राहतो आणि माझा हिशेब लागत नाही.

भागी सरळ माझ्याकडे आली. माझ्या पत्र्यावर तळवा ठेवून ती म्हणाली, "हेच ते."

सुयोग धावत आला. "ओ मावशे, कुठं? ट्रायल चाललीय."

"पोरीला आत घालायची. शहापुराला ने."

"हे उडत नाय गो."

"उडत नाय? काल उडलं ना रे! परवा उडलं. आमी रोज बघतो."

"ती ट्रायल होती, मावशे."

"मग आज बी ट्रायल कर. नवऱ्याला उतरव नि हिला घाल."

सुयोग हसायला गेला आणि त्याने झोळीकडे पाहिलं. त्याचं हसू तोंडावरच राहिलं. "अगो, आमी टांगतो याला. क्रेनला. ती बघ वर."

भागीने वर पाहिलं. भर दुपार होती, क्रेनचा हात लख्ख दिसत होता. मग पुढे जाऊन क्रेनला हात लावला आणि बोटं चोळून पाहिली.

"ही काळी कुनी केली?"

"मीच."

"कशापायी?"

उत्तर वाळूने दिलं. "दिसू नये म्हनून, आये."

एवढ्यात मीना ओरडली. त्या ओरडण्याने मंडपातली बायकामंडळी वळली. विपुलची आजी, कमळाबाई, हळदीची गाणी म्हणायला पुढे बसली होती. सापगावात दवाखाना लांब होता त्या काळात तिने कितीतरी बाळंतपणं केली होती. ती उठली.

"तो ढणढणाट बंद करा रे आधी! विपुल, उतर खाली. उतर म्हन्ते ना! गरम पानी आना गो कुनीतरी, भट्टीवर पातेली काय शोभेला ठेवलीत?"

मीनाला माझ्यात निजवलं. चार बायकांनी माझ्या दारांना साड्या धरल्या. भाड्याच्या कापडाचं कुणाला काही वाटलं नाही. मी आयुष्यभर माणसं नेली, पण एका जागी उभं राहून एवढं मोठं काम माझ्यात कधी झालं नव्हतं. मला वाटत होतं, फक्त एकदा. फक्त एकदा माझ्या अंगात इंजिन असावं.

मूल झालं. मुलगी होती. कमळाबाईने तिच्या तोंडात बोट घालून साफ केलं, पाठ थोपटली, तळपाय चोळले, तिला उलटी धरली, पुन्हा चोळलं.

मित्रांनो, स्पीकर बंद होते. त्यामुळे जो आवाज आला नाही, तो सगळ्या मंडपाला ऐकू आला.

मीनाचं रक्त थांबत नव्हतं. आता हिला न्यायला हवं होतं, लगेच. पाहुण्यांच्या गाड्या एकीला एक लागून अडकल्या होत्या. मोकळी उभी होती ती नवऱ्याची सजवलेली जीप. विपुल किल्ली काढून पुढे झाला.

त्याच्या मामाने हात धरला. "येडा का रे? हळद लागलीय तुला. शीव ओलांडायची नाय. दुसरा कुनी जाईल."

"गाडी माझी हाय. गिअर अडकतो तिचा, दुसऱ्याला नाय जमत."

"अरे, पन अंगावर हळद..."

"मामा," कमळाबाई म्हणाली, "शिवंवर जे काय असंल ते माझ्याकडं पाठव. मी बघून घेते. जा रे पोरा. आनि हळू नको जाऊ."

झेंडूच्या माळांसकट जीप गेली. मागे भागी, मांडीवर मीनाचं डोकं. वाळूला जागा उरली नाही. आणि त्याच्या हातात बाळाचं ते गाठोडंही होतं.

तो माझ्या पायरीवर बसला. सावळाराम पाण्याचा तांब्या घेऊन आला. वाळू पाणी प्यायला, त्याने तांब्या परत दिला आणि विचारलं, "तुमच्याकडं फावडं हाय का?"

सावळारामने फावडं आणून दिलं.

"मीना म्हनत होती," वाळू उठताना म्हणाला, "झोळीतनं सारखी म्हनत होती, फाट्यावर चला. आमी तिचं ऐकलं नाय."

मग तो काठाकडे गेला. तराफा सुटला.

*

मीना वाचली. काही दिवसांनी ती याच काठावरून तराफ्यावर बसून घरी गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

विपुलने त्या संध्याकाळी एंट्री घेतली नाही. हातांना हळद होती आणि बरंच काही, तो तसाच पाटावर येऊन बसला. पण पुढच्या लग्नाची बुकिंग आधीच झालेली होती. सुयोगने मला फिनेलने धुतलं, नवी कापडं घातली. संध्याकाळी मी पुन्हा उडालो. टाळ्या झाल्या. हवेत टांगलेला असताना मी पलीकडे पाहत होतो. पाड्यात एकच दिवा होता. तो बराच वेळ एका जागी होता, मग हलत हलत आत गेला.

आत्मवृत्त सांगणारे शेवटी काहीतरी मागतात. पुसून ठेवा म्हणतात, सावलीत ठेवा म्हणतात, विसरू नका म्हणतात. मला त्यातलं काही नको. मला गंज चढला तरी चालेल.

एकच मागणं आहे. ती क्रेन पुन्हा पिवळी करा. पाण्यापलीकडून दिसेल अशी. मला टांगा, माझ्यात नवरे बसवा, माझ्या नावाने शिट्ट्या मारा, पण मला कोण उचलतंय ते लपवू नका. सावळारामने एकदा हे सुयोगजवळ काढलंही होतं.

"पिवळी केली तर बुकिंग कोन देल, काका?"

सावळाराम हल्ली संध्याकाळी लॉनवर थांबत नाही.

तुम्ही मोठे व्हाल, मित्रांनो. तुम्हीही काहीतरी दाखवाल, धूर सोडाल, दिवे लावाल. समोर बसलेल्यांना गंमत कळते. काठापलीकडे कोण उभं आहे, त्याला काय दिसतंय आणि त्याच्या घरात आज काय अडलं आहे, हे एकदा जाऊन बघत जा.

त्या दुपारी रुग्णवाहिका फाट्यावर वेळेवर आली होती. चालकाने गाडी सावलीत लावली, मागचं दार उघडून ठेवलं आणि तो डोंगरवाटेकडे बघत थांबला.